शंभरपैकी शंभर

सोहारला, एसीच्या घरघरीत
मी सेफ्टीचा कोर्स जुळवते.
चित्र ओढलं, सोडलं, बसलं.
साचा तयार, रंग कंपनीचे.
अरबीसाठी एक टिचकी,
की सगळं पान आरशासारखं फिरतं
आणि पट्टा बांधणारा माणूस
आपोआप डावखुरा होतो.
चुकलं तर मागे जाता येतं,
कितीही वेळा. एवढं मात्र सुख.

दुपारी परकारचाचा आले, खेडचे,
बावीस वर्षं परांचीवर.
आवाज संपेस्तोवर ‘पुढे’ उमटत नाही,
म्हणून हात मांडीवर ठेवून
नुसते बसून राहिले.
शंभरपैकी शंभर. हिरवी खूण.

उठताना पडद्याला बोट लावलं,
ठसा उमटला तेलकट:
“हो हूक उलटा हाय गो.”