कानाडोळा, क्रमांकासह

साल्तोत जुलैची रात्र, हाडं गोठवणारी.
खिडकीखाली उरुग्वे नदी आवाज न करता जाते.
वर मी, एक हीटर, अर्धं सोललेलं संत्रं,
आणि पडद्यावर दोनशे बारा पिवळ्या ओळी.
लिंटर कुरकुरतोय.

ओळ लांब झाली. नाव नीट नाही.
हे आणलंत, मग वापरलं कुठे?
वर्गात एक मुलगा असतो ना,
बाईंकडे सगळ्यांच्या चुगल्या नेणारा,
आणि दहातली एक खरी निघते.

यामांदूनं त्याला कंटाळून तीन वर्षांपूर्वी
दिसेल त्या ओळीच्या शेपटीला लावलं: नोक्वा.
नुसतं नोक्वा. पुढे क्रमांक नाही, कारण नाही.
म्हणजे, इथे काहीही घडो, तू तोंड उघडायचं नाहीस.
पडदा लख्ख झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या, हे लिहून ठेवते.

मग गेला ऑक्टोबर.
पाणी बारा मीटरवर गेलं तरच चालायची अशी एक फांदी
तोवर कधी चाललीच नव्हती.
तिच्यात एक नाव होतं, कुठेच जन्माला न आलेलं.
ओळीची लांबी झाकायला यामांदूनं जे पांघरूण टाकलं
त्याच्याखाली तेही निजलं होतं.
पहाटे चारला प्रोग्राम कोसळला.
इशारा गेला नाही.

गेला तो एलादिओ बेंतांकुरच्या फोनवरून.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेला माणूस
टॉर्च घेऊन बंदराच्या पायऱ्या मोजत होता.
"सातवी बुडाली," म्हणाला, "ट्रक पाठवा."
खालच्या गल्लीतल्या ओफेलियाचा सोफा,
शिवणयंत्र, दोन कोंबड्या, सगळं वेळेत निघालं.
फ्रिज राहिला.
तो ती मला अजून ऐकवते, बेकरीत, रांगेत, सगळ्यांदेखत.

तेव्हापासून पांघरुणं काढते आहे.
ज्याला गप्प करायचं, त्याचं नाव घेऊन करायचं.
ई पाचशे एक: लांब आहे, कारण धरणाचं सूत्रच लांब आहे,
मधे तोडलं तर वाचणारा चुकेल.
एन आठशे सहा: प्रवाहाला नदीवाले मोठा क्यू लिहितात,
आम्हीही लिहू.
बाकी जे दिसेल ते बोल बाबा, ऐकते आहे.

एफ चारशे एकपाशी हात थांबतो.
न वापरलेलं म्हणून मे महिन्यात मीच ते काढलं होतं.
काही मोडलं नाही, कोणी ओरडलं नाही,
फक्त नकाशावरून सोळा मापकं नाहीशी झाली.
ते मॉड्यूल कोणी हाक मारावी म्हणून नव्हतंच.
ते यायचं,
आणि त्याच्या येण्यानंच मापकं आपापली नावं नोंदवायची.
परत आणलं. शेजारी क्रमांक लिहिला. कारणही लिहिलं,
खोडून पुन्हा लिहिलं.

एलादिओ अजून रोज साडेदहाला येतो.
बगलेत थर्मास, हातात मातेचा भोपळा,
खिडकीपाशी बसतो, फारसं बोलत नाही.
मोंतेविदेओहून आलेल्या नव्या साहेबीणबाईंनी विचारलं,
"यांचं इथे काय काम असतं?"
मी लगेच उत्तर दिलं नाही.
एका ओळीत मावेल असं कारण शोधत होते.

दोनशे बारापैकी आज रात्री एक उरली आहे.
लिंटर विचारतो, शून्य दशांश सदतीस, हा आकडा कुठला?
त्यानं गुणलं की अंदाज बरोबर येतो. न गुणता येत नाही.
आकडा एलादिओचा. सकाळी त्यालाच विचारलं.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला,
भोपळ्यातली नळी फिरवत.
"तेव्हा माहीत होतं," म्हणाला.

गप्प करायचा क्रमांक मला पाठ आहे.
पण कारणाच्या जागी काय लिहू?
हीटर बंद केला. संत्रं संपवलं.
ती ओळ पिवळीच ठेवली आहे.