तीन नंबरची चिठ्ठी

शहापूरच्या सराफ गल्लीतून तराजू आणलेला,
दोन दिवसांच्या बोलीवर.
एका पारड्यात वजनाचे चिमुकले पत्रे,
दुसऱ्यात दारू, करडी, खसखशीएवढी,
आणि काटा बघायला मी.
आप्पांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
"थांबला काय?"
थांबला.
"श्वास सोडू नको त्याच्यावर."

पुंगळ्या वीसच उरल्यात.
पितळ जुनं, तोंडाशी काळवंडलेलं,
नख फिरवून ते एकेकीची ओळख पटवतात.
चाराचा एक गट, असे पाच,
दर गटाला दारू किंचित जास्त,
आणि दर गटाला एक चिठ्ठी, माझ्या अक्षरात.
वजनं त्यांच्या वहीत. वही ते कुणाला दाखवत नाहीत.

बोल्टवरचा आकडा आणि नळीवरचा आकडा एकच,
हे आप्पा पत्रिका जुळल्यासारखं सांगतात.
एकाहत्तरच्या थंडीत कणकुंबीच्या रानात
एक डुक्कर पाडलं होतं तिनं. मग कायदा आला.
तेव्हापासून ती फक्त तेल प्यायली,
दर निवडणुकीला ठाण्यात राहून आली,
माहेरी जाऊन आल्यासारखी, जरा मळून.

आता परवाना वाढवायचा नाही. ऐंशी सरली.
सोमवारी ती खानापूरच्या ठाण्यात जाणार,
ती जाणारच.
मग हा खटाटोप कशाला, मी विचारलं.
"उद्या कुणी घेतली तर त्याला खरं सांगाय नको?
ही कुठं मारते ते."

जांबोटी रस्त्याला जांभ्याची बंद पडलेली खाण.
सकाळचे आठ. घाटावरचं वारं अजून उठलं नव्हतं.
भुशाचं पोतं, पोत्यावर अक्रोडाचा दस्ता,
समोर गेल्या सालचं कॅलेंडर, पाठ करून,
मधोमध माझी कपाळावरची टिकली.
शंभर पावलं मी मोजली,
त्यांची पावलं आता लहान झाल्यात.
"डोळे तुझे, कान माझे," म्हणाले,
आणि बाजूला दगडावर बसले, रुमाल पसरून.

एक नंबर: वाटाणे सांडावेत तसं.
दोन नंबर: एकाखाली एक, ओघळ आल्यासारखी.
मग नळी निवेपर्यंत थर्मासातला चहा.
बोललो नाही. खाणीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात
एक बेडूक तेवढा, आवाजानं गप्प झालेला,
परत सुरू होऊ की नको, या विचारात.

तीन नंबर.
चार भोकं, रुपयाखाली झाकतील अशी.
मी धावत जाऊन कागद आणला.
त्यांनी डोळ्याजवळ नेला नाही,
करंगळी फिरवली भोकांच्या काठावरून
आणि बराच वेळ काढलीच नाही.

चार नंबरची पहिलीच.
बोल्ट उचलताना अडला, तळव्यानं मारावा लागला.
पुंगळी गरम होती तरी त्यांनी मागून घेतली.
"टोपी चपटी झाली बघ. काठ राहिला नाही."
आणि मग, रागावल्यावर किंवा पोट भरल्यावर
ते नेहमी ज्या भाषेत बोलतात तिच्यात,
"साकु."

उरलेली सात आम्ही घरी येऊन उकलली.
शिसं डब्यात. दारू परसात, मिरचीच्या बुडाला.
फेब्रुवारीत त्या एकाच रोपाची पानं
बाकीच्यांहून काळपट हिरवी झाली.

ठाण्यात निंगाप्पा हवालदारानं पावती लिहिली:
हळे बंदूकु, ओंदु.
आप्पा म्हणाले, अजून एक ओळ घाल.
रकाना नाही, तो म्हणाला, हसून, आदरानंच.
तेव्हा त्यांनी खिशातून तीन नंबरची चिठ्ठी काढली,
घोड्याच्या कडीला सुतळीनं बांधायला लावली.
मागच्या बाजूला वजन होतं, वहीतलं,
आणि खाली माझ्याकडून लिहून घेतलेलं,
कारण टिकलीला चारांतली एकही लागली नव्हती:

बोटभर वर, बोटभर डावीकडे.
चारही एकत्र.