अकरा चालू

तीन वर्षं मी अकरा वर्षांचा होतो.
दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की
मुकुंदवाडीच्या थांब्यावर,
हातात फॉल लावून झालेल्या साड्यांचं गाठोडं,
आणि आई दुसरीकडंच बघत म्हणायची,
"गुडघ्यात वाक जरा."

बस दिसायच्या आधीच मी वाकलेला असायचो.
हाफवाल्यानं सीट अडवायची नाही, उभं राहायचं;
पण उभं राहिलं की उंची दिसते.
म्हणून मी गाठोड्यावर बसायचो,
दहा-बारा अनोळखी बायकांच्या साड्यांवर.

"एक फुल, एक हाफ. औरंगपुरा."

कंडक्टर शेख दगडू.
कानामागं पेन्सिल, ट्रेवर पंचची टकटक.
"काय माय, पोरगं वाढंना का तुमचं?"
"वाढायलंय की. अकरा चालू हाय."
"मागल्या दिवाळीलाबी अकराच चालू होतं."
"मग? बंद कुठं पडलंय?"

बस हसायची. तोही हसायचा,
आणि फाडायचा हाफ.

वाचलेल्या पैशांत गुलमंडीवर एक रीळ यायचं,
मोरपंखी, नाहीतर चिंतामणी,
आणि एका रिळात चार साड्या.
म्हणजे माझ्या वयातून उसवलेला दोरा
कुणाच्या तरी लग्नात
कुणाच्या तरी टाचेपाशी फिरत असणार.
हा हिशोब तेव्हा मला येत नव्हता.
तिला येत असावा.

मग माझा आवाज फुटला.
वर्गात, प्रतिज्ञा म्हणताना,
"सारे भारतीय" आणि "माझे बांधव" यांच्या मधोमध.

उंचीला गुडघे होते.
ओठावरच्या काळ्या रेघेला तिचं उत्तर तयार होतं:
तोंड धुत नाही मेला.
आवाजाला मात्र काही सापडेना.
"बसमधी बोलू नको," एवढंच म्हणाली.

त्या शनिवारी शेख दगडूनं तिला विचारलंच नाही.
सिडको मागं पडलं होतं.
तो वाकला माझ्याकडं.
"तूच सांग रे. किती?"

"अकरा," मी म्हणालो.

कोरड्या विहिरीत बादली आपटावी
तसा तो शब्द खालून वर आला.
ड्रायव्हरनंसुद्धा आरशात बघितलं.
आधी मागचा एक जण हसला,
मग बस.

आई हसली नाही.
बॉबिन ठेवायची पत्र्याची डबी उघडून
एकेक नाणं त्याच्या तळहातावर ठेवत गेली.
"दोन फुल,"
जसं काही घरून निघतानाच ठरलं होतं.

पंच मारताना त्यानं मान वर केली नाही.
वाटलं असेल, उगाच विचारलं.

क्रांती चौकात सीट रिकामी झाली.
"बस," आई म्हणाली. "तुझं तिकीट हाय."
मी बसलो. खिडकी होती.
बाहेर काय होतं, आठवत नाही.
रीळ त्या दिवशी आलं नाही.

आता मोबाईल धरला की काम होतं.
टुंग वाजतं, पैसे जातात,
वय कुणी विचारत नाही.

परवा आईला डोळे दाखवायला घाटीत नेत होतो.
कंडक्टर एक मुलगी, कोवळी,
गळ्यात मशीन.
"आजी, आधार दाखवा, सवलत बसंल तुम्हाला."

आधार पिशवीत होतं.
मीच ठेवलं होतं, सकाळी, चष्म्याच्या डबीखाली.
आईनं पिशवी मांडीवर घट्ट धरली.
"फुल दे."
"अहो, पण अर्ध्यात होतंय की."
"वय बसत नाही माझं."
"किती हाय मग?"

आईनं जरा विचार केला.
"चालू हाय," म्हणाली.

मशीननं कुरकुर करत कागद सोडला.
मी वरचा दांडा धरून उभा होतो,
बसला चढलो की अजून होतं तसंच,
गुडघे न सांगता थोडे वाकलेले.

तिला डोळ्यांनी धड दिसत नाही.
तरी म्हणाली, "सरळ उभा राहा."