रुळाचं तापमान

सकाळी साडेदहाला मी रुळावर तापमापक ठेवते.
गोल तबकडी, लाल काटा, पाठीला चुंबक.
खट्ट करून चिकटतो, माहेरी आल्यासारखा.
मिरखेलच्या पुढं, डाव्या हाताला करडईचं काढून झालेलं रान,
उजव्या हाताला काही नाही.
ऊनच आहे.

बाराला बावन्न. वहीत लिहिते.
एकला अठ्ठावन्न. लिहिते.
साठच्या वर काटा गेला की परभणीला फोन,
मग एक्सप्रेस असो का कोळशाची मालगाडी,
सगळ्यांनी हळू जायचं.
कारण रूळ तापला की वाढतो,
आणि वाढायला जागा नसली की वाकतो.
रुळाची एवढी काळजी. असावीच.
वरून माणसं जातात.

यंदा वरून आमच्यासाठीही सामान आलं.
टोप्या सतरा. गॉगल नऊ, त्यातले दोन एका काचेचे.
आणि पांढऱ्या मलमाच्या नळ्या, दोघांत एक.
मुंजाजी म्हणाला, "गंगासागर, ह्यानं मी गोरा होतो का गं?
होत असलो तर सासरवाडीला जाताना लावतो,
हितं लावून कुणाला दाखवू, गिट्टीला?"
लई हसलो.
नळ्या घरोघरी गेल्या, लग्नसराई होती.

टोप्या राहिल्या.
टोपीला पुढं चोच, मागं काहीच नाही.
ज्यानं ही टोपी काढली
त्यानं माणूस उभा धरला होता.
आम्ही तर दिवसभर वाकलेले.
सूर्य आमचं तोंड बघतच नाही,
सरळ मानेवर येऊन बसतो.
गौसभाईची मान बघा,
आटलेल्या तळ्याचा तळ दिसतो तशी,
भेगाभेगांची. तीस उन्हाळे आहेत तिथं,
आणि सेवापुस्तकात एकाचीही नोंद नाही.

मागल्या मंगळवारी व्यंकटी
बोल्ट आवळता आवळता गप्प झाला.
आधी वाटलं, घरी भांडून आला असंल.
मग गौसभाईच ओरडले,
"अरे, ह्याचा घाम थांबलाय! घाम थांबला रे!"
उचलून मोरीखाली नेला,
अख्ख्या टप्प्यात सावली म्हणावी अशी ती एकच,
तिथंही आधी कुत्रं उठवावं लागलं.
छागलीतलं पाणी मानेवर, काखेत, तळव्यांना.
आणि मी येडी,
हातातला तापमापक त्याच्या कपाळाला लावला.
चिकटेना.
दोनदा लावला.
माणसाला चुंबक लागत नसतो,
हे मला माहीत होतं की.

ठेल्यावर घालून मिरखेलला, तिथून पूर्णेला.
परवा भेटायला आला. सगळ्यांना ओळखतो,
फक्त स्वतःचा मोबाईल नंबर आठवत नाही त्याला.
मुंजाजीनं त्या दिवशी त्याची चेष्टा केली नाही.
खिशातून नळी काढली, बायकोकडून परत मागून आणलेली,
अर्धीअधिक संपलेली,
आणि गौसभाईच्या कानांच्या पाळ्यांना
मुकाट्यानं बोटानं लावत बसला.

मी नऊ दस्त्या आणल्या बाजारातून, सुती, जाड.
मधोमध फाडल्या, टोप्यांच्या मागं टाचल्या.
मशीन बिघडलेली, हातानंच घातली टीप,
वाकडीतिकडी.
सतरा टोप्या झाल्या, अर्धी दस्ती उरली.

आज साहेब आले तपासणीला.
"हे काय लावलंय मागं?
कुणाच्या आदेशानं?"
कुणीच बोललं नाही.
मी वही पुढं केली.
बाराला चोपन्न, एकला एकोणसाठ,
आणि शेजारी पेन्सिलीनं आखलेला एक रकाना,
वर लिहिलेलं, "माणसं".
खाली अजून काही लिहिलं नव्हतं.
काय लिहावं ते कळलं नव्हतं मला.

साहेबांनी पानं उलटली, परत उलटली.
वाकून वाचत होते.
पाच मिनिटं गेली असतील,
त्यांचा हात आपोआप मागं,
मानेवर गेला.

उरलेली अर्धी दस्ती माझ्या पिशवीतच होती.