पाटी तिकडची

बडोद्याहून आलो तेव्हा सामानाआधी गाडी पोचली
आणि सोसायटीत आमचं बारसं तिच्यावरूनच झालं:
गुजरातवाले.
वॉचमन गांगुर्डे रजिस्टरात तेवढंच लिहायचा.
चार पिढ्या घरात मराठीच बोलतो, सांगून पाहिलं.
"असेल की," तो म्हणाला, "पण पाटी तिकडची ना."

द्वारकेच्या चौकातली शिट्टी आमच्यासाठीच असायची.
हवालदार आधी पाटी बघणार, मग मला,
मग कागद.
एकदा मागचा टेम्पोवाला ओरडला,
"ओ गुजरात, वळायचंय का झोपायचंय?"
मी अस्सल मराठीत उत्तर दिलं. तो दचकला.
मजा यायची, खोटं कशाला बोलू.

पेठ रोडला, आरटीओच्या बाहेर, निमसे नावाचा एजंट भेटला.
एनओसी, बँकेचं पत्र, घराचा करारनामा.
टॅक्स इथे नव्याने, जुना तिकडून परत मिळेल, म्हणाला
आणि स्वतःच हसला.
मग चासीवर कागद धरून पेन्सिल आडवी घासली,
लहानपणी आम्ही नाण्यावर घासायचो तशी.
काळ्यातून एकेक आकडा पांढरा वर आला.
"हा नाही बदलत, मॅडम. हा जन्माचा."

मी म्हटलं, माझं नाव बदललं तेव्हा
एनओसी कुणी मागितली नव्हती.
ताटभर तांदूळ, त्यात अंगठीनं तीन अक्षरं,
सुलभा आत गेली, मानसी बाहेर आली
दहा मिनिटांत. वर पेढे.
निमसे तोवर दुसऱ्या फायलीकडे वळला होता.

दीड महिन्याने नंबर आला.
फिटरच्या पोराने पक्कडीने रिवेट तोडले,
जुनी पाटी गुडघ्यावर वाकवली, पोत्यात टाकली.
पोत्यात आधीच कर्नाटक होतं, थोडं राजस्थान.
पाटीमागे, बंपरवर, वाळका चिखल निघाला.
विश्वामित्री आमच्या फाटकापर्यंत आली होती,
त्या वेळचा असावा.
पोराने फडका उचलला.
"राहू दे," म्हटलं, "त्याच्यावरच बसव."
त्याने खांदे उडवले
आणि एमएच पंधरा ठोकली.

आता गांगुर्डे फ्लॅटचा नंबर लिहितो.
हवालदाराला आम्ही दिसतच नाही.
मॉलच्या तळघरात मात्र मीच हरवते.
डोळे जुने आकडे शोधत पुढे जातात,
पांढऱ्या गाड्यांची रांग संपते,
शेवटी किल्लीचं बटण दाबायचं.
मागे कुठून तरी ती ओ देते.

परवा एबीबी सर्कलला, सिग्नलवर, शेजारी
जीजे झिरो सिक्स.
मागच्या काचेशी लिल्या चिवड्याची पिशवी,
एक म्हातारा तिच्यावर डोकं टेकून झोपलेला.
मी हॉर्न दिला, हात हलवला,
वर्षभर रस्त्यात कुणी ना कुणी आम्हाला हलवायचं तसा.
चालवणाऱ्या बाईने काच अर्धीच खाली घेतली,
"बहनजी, त्र्यंबक किधर से?"
वाट विचारण्यापुरती इथली बाई, एवढंच.

"सीधा जजो, बेन,
सातपूर पछी रस्तो खुल्लो छे."

ती दचकली.
सिग्नल सुटला. मी पुढे निघाले, ती मागे,
आरशात तिचे ओठ हलताना दिसले.
माझी पाटी वाचत असावी,
एकेक आकडा, दोनदा.