खांद्यावरचा म्हातारा

माझ्या टेबलावर सतरा तुकडे आहेत.
जोडले की ताट होईल, साधारण पंधराशे चाळीसचं,
आणि ताटावर तीच जुनी गोष्ट :
जळतं शहर, पाठीवर बाप घेऊन निघालेला माणूस,
त्याचं बोट धरलेलं पोर,
आणि मागून येणारी बायको.
तिथला तुकडाच नाही.

सव्वीस वर्षं मी फाएन्झात हेच करते.
हा म्हातारा किती वेळा पुसून काढला, गणती नाही.

राखेखालून निघालेल्या एका भिंतीवर
कुणा टवाळ रंगाऱ्यानं त्यांना माकडं केलंय,
शेपटांसकट. साम्राज्याच्या मूळपुरुषाला!
तो रंगारी मला आवडतो.
मठातल्या भिक्षूनं समुद्र पाहिलेला नसावा;
त्याची गलबतं परातीएवढी,
आणि शहर असं पेटतं
जसं जूनमधलं खसखशीचं शेत.
संगमरवरवाल्यानं म्हाताऱ्याची चामडी इतकी खरी काढली
की पांघरूण घालावंसं वाटतं.
पण वजन? टोपलीभर लोकरीचं.
मग पिसांचे टोप आले, रेशमी पायमोजे आले,
राजवाड्याच्या छतावर तो ढगांतून चालला.
माझ्या शाळेच्या जिन्यात होता तो अडतीस सालचा :
हनुवटी पुढे, दंड पावासारखे फुगलेले.
पायाखालच्या घोषणेवर नंतर कुणी चुना फासला;
हवा दमट झाली की अक्षरं अजून वर येतात.

सगळ्यांनी बाप हलका काढला.
ज्यांनी काढला त्यांनी तो कधी उचलला नसावा.

मी उचलला आहे.
मे महिन्यात लामोने नदी आमच्या गल्लीत आली,
आधी मोरीतून, मग दारातून.
माझा बाप एव्हारिस्तो, एक्क्याण्णव वर्षांचा,
जन्मभर भट्टीवर राबलेला,
'माझी टोपी' म्हणत होता.
गोष्टीतला म्हातारा देव्हाऱ्यातले देव घेतो.
आमच्या म्हाताऱ्यानं टोपी घेतली.

बाप वजनानं जड नसतो, घसरण्यानं असतो.
दर पायरीला बोटभर खाली येतो.
गळ्यातले त्याचे हात मिठी नसतात, फास असतात.
कानाशी त्याचा श्वास, संध्याकाळच्या सूपचा वास,
आणि लाज.
त्यातली माझी किती, त्याची किती,
चौदा पायऱ्यांत कळलं नाही.

मागून ओदार्का येत होती.
दातांत बॅटरी, एका हातात औषधांचा डबा,
दुसऱ्या हातानं
माझ्या बापाचं ढुंगण वर रेटत.
चेर्निव्त्सीची. अकरा वर्षं त्याचं सगळं तीच करते.
तिची खोली तळमजल्याला.
तिचं जे काही होतं, ते तिथेच होतं.

तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो :
मी, बाप, टोपी, रबरी होडी.
मथळा सांगत नाही,
दोन हजार वर्षं तोच आहे.
उजव्या कडेला एक कोपर, अर्धं कापलेलं.
ओदार्कानं फोटो उजेडात धरून पाहिला
आणि म्हणाली, कोपर चांगलं आलंय.

आता हे ताट.
नियम असा की जे नाही ते रंगवायचं नाही;
भोक साध्या करड्या लांबीनं भरायचं
आणि करडंच ठेवायचं.
मी भरते आहे.
पण भोकाच्या काठाशी, म्हाताऱ्याच्या मांडीखाली,
चार बोटं आहेत, पिवळ्या बाहीची किनार आहे.
मुलाचे दोन्ही हात पुढे, बापाच्या घोट्यांवर.
पोराचा एक हात बोटात, दुसऱ्यात खेळणं.
मी तीनदा मोजले.
संग्रहालयाच्या जुन्या टिपणात एक ओळ आहे :
'नायकाला तीन हात. कारागिराची चूक.'

या कुंभारानं कधीतरी, कुणालातरी,
जिन्यावरून वर नेलं असणार.

टिपण खोडायचा मला अधिकार नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिलं :
हात तीन. बरोबर आहेत.