नोंद दुरुस्ती

दगड आला तो साखरेच्या निळ्या कागदात गुंडाळून.
ल्हौसीननं तो टेबलावर ठेवला
आणि नेहमीसारखा दक्षिणेकडे हात हलवला:
"तिकडचा. एर्फूदच्या बाजारात घेतला."
तिकडे तीन देश आहेत, ल्हौसीन.
तो हसला. व्यापारी विहीर दाखवत नाही.

मग मी लिहिलं, जे लिहायचं असतं ते.
वजन चारशे बारा ग्रॅम. कवच काळं, एका अंगानं फुटलेलं.
चुंबकाकडे ओढला जातो, पण मनापासून नाही.
वीस ग्रॅम कापून आमच्याकडे ठेवले, तसा नियम आहे.
तीन ग्रॅम करवतीनं खाल्ले, त्याला रकाना नाही.
केसाहून पातळ चकती काचेवर घासली
आणि भिंगाखाली ऑलिव्हिन उमललं,
जांभळं, पिवळं, मधेच पोपटी.
साडेचार अब्ज वर्षं अंधारात
एवढा रंग कुणासाठी जपून ठेवला होता,
हे अर्जात विचारत नाहीत.

वर्ग: एल सहा.
ठिकाण: माहीत नाही.
ठिकाण नसलेल्या अशनींना आम्ही अर्ध्या खंडाचं नाव देतो,
'उत्तर-पश्चिम आफ्रिका', आणि पुढे पाच आकडे,
इस्पितळात बेवारस माणसाच्या अंगठ्याला बांधतात तसे.
सातबारा तयार, फक्त शेत कुठे आहे ते विचारू नका.

दोन वर्षांनी डॉक्टर तिलिला म्हणाल्या,
त्या वर्षीची मापं पुन्हा घ्या,
आपलं यंत्र तेव्हा थोडं खोटं बोलत होतं.
ऑलिव्हिनमधलं लोखंड सव्वीसवरून अठ्ठावीसवर गेलं.
मी एका 'एल'चे दोन 'एल' केले,
तारीख टाकली, खाली सही.
एवढ्यानं त्याचे आईबाप बदलले.
तो मात्र कपाटात होता तसाच, निवांत.

आणि मग एका गुरुवारी तौदा आली,
नऊ तास बसमध्ये बसून,
टाचांना अजून वाळू.
"माझा दगड इथे आहे म्हणतात."
पैसे नको होते तिला.
तिला ऐकायचं होतं, आम्ही काय लिहिलंय.

मी वाचून दाखवलं. धक्क्याची पायरी, गंजाची पायरी.
ती मान हलवत राहिली,
दूरच्या नातवाची प्रगतिपुस्तकं ऐकावीत तशी.
मग म्हणाली, "आनू न् तम्घार्त कुठाय यात?
म्हातारीची विहीर. तिथून उन्हं कलेपर्यंत चालायचं,
तुटक्या दातासारखी टेकडी डाव्या हाताला.
अकरा वर्षं ताकाच्या बुधल्यावर हाच ठेवत होते मी."
अक्षांश-रेखांश? मी विचारलं.
तिनं मला निरखून पाहिलं, काही बोलली नाही.

दगड हातात दिला.
तिनं डोळे मिटून तो फिरवला, एकदा, दोनदा,
आणि थांबली फुटलेल्या बाजूशी.
"हा अर्धा आहे. माझ्या अंगठ्याची खळी दुसऱ्या अर्ध्यात राहिली."

त्या रात्री मी यादी चाळत बसले.
एकाच वर्षी एर्फूदला घेतलेले, त्याच वर्गाचे, फुटके.
पहाटे चारला एक फोटो सापडला:
दुसऱ्या प्रयोगशाळेचा, दुसऱ्या व्यापाऱ्याचा,
सहाशे एकोणनव्वद ग्रॅम,
आणि कवचावर, मोजपट्टीच्या शेजारी, एक गुळगुळीत खळी.
त्यांच्या शेऱ्यात लिहिलं होतं:
'उड्डाणात वितळल्याची खूण'.

मी पत्र पाठवलंय. दोन नोंदी, बहुधा एकच दगड.
फुटलेले काठ जुळवून पाहावेत.
खळी आकाशातली नाही, ताकाची आहे.
'जोडी कोणी ओळखली' या रकान्यात
मी आधी यंत्राचं नाव टाकलं, सवयीनं.
मग खोडलं.

समितीचं उत्तर अजून आलेलं नाही.
ठिकाणाचा रकाना रिकामाच आहे,
टेकडीच्या तुटक्या दाताला अंश-कला नसतात म्हणून.
तौदा गेली दुपारच्या बसनं.
जाताना करवतीच्या ताटलीतला काळा भुसा
बोटावर घेऊन तिनं हुंगला, आणि म्हणाली,
"याला तर काहीच वास नाही."